साडेतीन मुहूर्त आणि एक लॅपटॉप

१५ ऑगस्ट २००७, बुधवार

सकाळी कंपनीत झेंडावंदन. जिलेबी बरी होती, उरलेली घरी आणली. यादवसाहेबांच्या भाषणात स्वातंत्र्य हा शब्द इतक्यांदा आला की अंबडहून सिडकोपर्यंत स्कूटरवर डोक्यात तेच घोळत होतं. घरी पोचलो आणि लख्ख प्रकाश पडला. आपल्याच घरात स्वातंत्र्य नाही! जुना पीसी परवा लोडशेडिंगनंतर वीज आली तेव्हा जळाला तो जळालाच, पण त्यातलं विंडोज कॉलेज रोडवरच्या कुणीतरी फुकट टाकून दिलेलं. ना बिल, ना लायसन. कंपनीत माझ्या सहीशिवाय नटबोल्ट गेटच्या आत येत नाही आणि पर्चेस ऑफिसरच्या घरात बिनबिलाचा माल.

संकल्प: स्नेहलला लॅपटॉप घ्यायचा. तिचं कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टला लागणारच आहे. पण त्यावर चालणार लिनक्स. फुकट, कायदेशीर, सगळ्यांना उघडं. कॉम्प्युटरच्या मासिकात सविस्तर माहिती आली आहे, सोबत सीडीही आहे. दसऱ्याच्या मुहूर्तावर लॅपटॉप घरात. जेवताना तसं जाहीर केलं.

स्नेहल इतकी खूश झाली की स्वतःच्या ताटातली जिलेबी माझ्या ताटात वाढली. म्हणाली, पप्पा, माझा प्रोजेक्टच लिनक्सवर आहे, तुम्ही कुठलाही आणा, मी टाकून घेईन. मी म्हटलं, तू अभ्यास कर. कंपॅटिबिलिटी माझ्यावर सोड.

१८ ऑगस्ट, शनिवार

सुट्टी. दिवसभर सायबर कॅफेत वाचन. प्रकरण गंभीर आहे. लिनक्स सगळ्या लॅपटॉपवर सारखं चालत नाही. कुणाचं वायफाय लागत नाही, कुणाचा आवाज येत नाही, कुणाचा लॅपटॉप एकदा झोपवला की उठत नाही. परदेशातल्या लोकांनी नेटवर मॉडेलवार माहिती देऊन ठेवली आहे. घाई करणारे फसतात. मी फसणाऱ्यांतला नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून एक खरेदी चुकलेली नाही. नामपूरला दादासाठी घेतलेली पाण्याची मोटर सोडून. आणि ती मोटर उत्तमच होती, विहीर उथळ निघाली.

पद्धत ठरवली. आधी चौकशी, मग तीन कोटेशन, मग कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट म्हणजे तुलनेचा तक्ता, मग मालाची तपासणी, मग ऑर्डर. कंपनीत हीच आहे, घरी वेगळी का असावी?

शुभांगी म्हणाली, अहो, लॅपटॉप घ्यायचाय की पोरीसाठी स्थळ बघायचंय? मी म्हटलं, दोन्हीला पद्धत एकच. ती हसली. स्नेहल हसली नाही.

१ सप्टेंबर, शनिवार

शरणपूर रोडला राजूच्या दुकानात. राजू आमच्या कंपनीला प्रिंटरची शाई देतो, माझ्या स्वभावाशी परिचित आहे. स्नेहलही बरोबर.

लिनक्स म्हटल्याबरोबर राजूने एक लॅपटॉप समोर ठेवला. म्हणाला, साहेब, तुमचं कामच झालं. ह्यात कंपनीनेच लिनक्स टाकून दिलंय, विंडोज नाही म्हणून स्वस्तपण पडतो. चालू करून दाखवला. चालला. वायफाय लागलं. गाणं वाजलं. झोपवला, उठला.

इथेच मला संशय आला. इतक्या सहज पास होणाऱ्या मालात काहीतरी गोम असते. शिवाय हे एकच कोटेशन. पहिल्याच व्हेंडरला ऑर्डर दिली तर ऑडिटवाले काय म्हणतील? घरी ऑडिट नसतं हे मान्य, पण शिस्त म्हणून काही आहे की नाही.

स्नेहल त्या कीबोर्डवरून नुसता हात फिरवत होती. म्हणाली, पप्पा, हाच घेऊ ना. बाहेर आल्यावर तिला समजावलं की व्हेंडरसमोर माल आवडल्याचं कधी दाखवायचं नसतं. ती घरी येईपर्यंत गप्प होती. तिला पटलं असावं.

२२ सप्टेंबर, शनिवार

प्रात्यक्षिक तपासणीला सुरुवात. कल्पना माझीच: मासिकाची सीडी खिशात घेऊन जायचं, दुकानातल्या लॅपटॉपमध्ये घालायची, त्यावरूनच लिनक्स सुरू करायचं आणि काय चालतं, काय नाही ते जागेवर बघायचं. (नेटवर ही कल्पना आणखी काही लोकांना सुचलेली दिसते.)

कॉलेज रोडच्या एका दुकानात गेलो. मालक फोनवर होता, तोवर सीडी घातली. स्क्रीन काळी झाली, पांढरी अक्षरं धावायला लागली. अगदी नॉर्मल आहे ते. पण मालक फोन टाकून ओरडत आला, व्हायरस, व्हायरस! मी त्याला शांतपणे समजावलं की हा व्हायरस नाही, हे स्वातंत्र्य आहे. त्याने सीडी काढून माझ्या हातात दिली आणि स्वातंत्र्य घेऊन बाहेर जायला सांगितलं.

स्टेटमेंटमध्ये शेरा: व्हेंडरचं सहकार्य नाही. बाद.

६ ऑक्टोबर, शनिवार

कॅनडा कॉर्नर. मालक सज्जन, चहा पाजला. लिनक्स सुरू झालं, आवाज आला, वायफाय लागलं. मी आनंदात तपासणीसाठी झोपवला. उठेना. बटण दाबलं, उठेना. झाकण उघडलं, मिटलं, उघडलं. मालक म्हणाला, साहेब, तुम्ही झोपवलाय, तुम्हीच उठवा. शेवटी बॅटरी काढली. परत चहा काही मिळाला नाही.

तिसऱ्या दुकानात मला लांबून बघूनच पोऱ्याने लॅपटॉप काउंटरखाली ठेवले. शहरात माझ्याविषयी चर्चा आहे, हे उघड आहे. चोखंदळ गिऱ्हाईक यांना नको असतं.

२१ ऑक्टोबर, दसरा

लॅपटॉप आलेला नाही. याचा अर्थ काम झालेलं नाही असा नव्हे. कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट काल पूर्ण झालं. कंपनीच्या प्रिंटरवर काढलं, आडवं, रंगीत. सकाळी आपट्याच्या पानांबरोबर तेच स्नेहलच्या हातात दिलं. म्हटलं, घे सोनं, बारा मॉडेल आहेत. तिने बघितलं, म्हणाली, छान झालंय पप्पा. आणि घडी करून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली ठेवलं. टेबल आता हलत नाही.

शुभांगीने पूजेत पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, स्नेहलची पुस्तकं मांडली होती. मी सीडी ठेवली, फूल वाहिलं. दुपारी स्नेहल मखमलाबादला गेली. तिथे तिच्या प्रोजेक्टमधली मैत्रीण राहते, रोशनी पिंगळे. त्यांची झेंडूची शेती, ऐन सीझन, घरात सगळी धांदल असणार, तरी गेली.

साडेतीन मुहूर्तांतला एकच गेला आहे. अजून अडीच शिल्लक.

१० नोव्हेंबर, दिवाळीचा पाडवा

आज घेणार होतो. जवळजवळ नक्की होतं. पण हा अर्धा मुहूर्त. अर्ध्या मुहूर्तावर अख्खा लॅपटॉप घेणं मनाला पटेना.

संध्याकाळी फराळाचा डबा घेऊन मखमलाबादला गेलो, येताना स्नेहलला घेऊन यायचं होतं. ओट्यावर दोघी पोरी लॅपटॉप उघडून बसलेल्या. नवा कोरा! बघतो तर राजूने मला पहिल्या दिवशी दाखवलेला तोच.

रोशनीचे वडील पुंजारामभाऊ फुलशेती करतात, मोकळा माणूस. कसा निवडला म्हणून विचारलं. म्हणाले, निवडायचं काय त्याच्यात साहेब? दसऱ्याला झेंडूचा टेम्पो मार्केटला खाली केला, येताना शरणपूर रोडला उभा केला. ह्या दोघींना फोन लावला, म्हणलं दुकानवाला हा देतोय, चालंल का? त्या म्हणल्या, पळंल. घेतला. लय भला माणूस हाय, च्या बी पाजला त्यानं.

मी विचारलं, कंपॅटिबिलिटी बघितली? ते म्हणाले, ते काय असतं? मग मी त्यांना लिनक्स, परवाने, सोर्स कोड सगळं नीट समजावलं. शेवटी म्हणाले, तसलं काय हाय व्हय त्याच्यात? मला वाटलं टीव्हीसारखंच असंल.

बिचारे. घाईत घेतला, निघाला बरा. योगायोग म्हणतात तो हाच.

येताना स्कूटरवर स्नेहलने प्रोजेक्ट समजावून सांगितला. मार्केटमधले भाजीचे आणि फुलांचे भाव एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर वायफायने जातात, मधे वायर नाही. दाखवायला दोन लॅपटॉप लागतात. म्हणाली, एक रोशनीचा झाला, दुसरा माझा पाहिजे, कॉलेजच्या लॅबमधलं मशीन रोज मिळत नाही. मी म्हटलं, मिळाला समज. ती मागून म्हणाली, कधी समजू? गाडीच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही.

१ जानेवारी २००८

नवी डायरी. यंदा बेअरिंगवाल्याने पाठवली नाही, औषधाच्या दुकानाची मिळाली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी आरोग्याचा सल्ला. आजचा बद्धकोष्ठावर आहे.

संकल्प: १) गुढीपाडव्याला लॅपटॉप. यात बदल नाही. २) रोज चालायला जाणे. ३) दुकानदारांशी संबंध सुधारणे.

घरी ब्रॉडबँड घेतलं, वायफायवालं. लॅपटॉप नाही, पण तयारी पूर्ण पाहिजे. मॉडेमचे हिरवे दिवे छान लुकलुकतात. शुभांगीने त्यावर क्रोशाचा रुमाल टाकला आहे.

१६ फेब्रुवारी, शनिवार

नामपूरहून दादाचा फोन. कांद्याचं सांगून झाल्यावर गावच्या बोलीत म्हणाला, काय शे तुना त्या लॅपटॉपनं? मी म्हटलं, प्रोसेसमध्ये शे. तो म्हणाला, मोटरसारखं नको करू. जुनी गोष्ट उकरून काढायची सवय त्याला पहिल्यापासून आहे.

संध्याकाळी स्नेहल माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, पप्पा, तुम्हाला खरंच घ्यायचाय का? नसेल तर तसं सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही. रोज मखमलाबादहून येताना अंधार पडतो, रोशनीकडे किती दिवस जेवायचं मला लाज वाटते, एक तरी काम घरी बसून करू द्या. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. सर्दी असावी, सिडकोत साथ आहे.

मी म्हटलं, अगं, तुझ्यासाठीच तर एवढं चाललंय. बाजारातला कुठलाही डबा उचलून आणायला किती वेळ लागतो? पण उद्या वायफाय लागलं नाही तर परीक्षकांसमोर तुझीच फजिती. ती म्हणाली, लागलं नाही तर मी लावेन ना पप्पा, मला तेच शिकवलंय चार वर्षं. पोरगी हुशार आहे, पण खरेदीचा अनुभव नाही.

शुभांगी आज माझ्याशी भाजीत मीठ कमी आहे का एवढंच बोलली.

६ एप्रिल, गुढीपाडवा

गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं आणि थेट राजूकडे. सर्व निकषांवर एक मॉडेल पहिलं आलं होतं. तेच, पहिल्या दिवशीचं. म्हणजे माझी पद्धत बरोबर होती हे सिद्ध झालं. रीतसर ऑर्डर टाइप करून नेली होती. डिलिव्हरीच्या अटी, उशीर झाल्यास दंड, सुटे भाग.

राजूने सगळी वाचली. म्हणाला, साहेब, दंड कशाला, दुकानात असता तर पिशवीत घालून दिला असता. ते मॉडेल बंद झालं. जानेवारीतच. शेवटचा पीस मी तुमच्यासाठी महिनाभर बाजूला ठेवला होता, फोनही केला होता.

फोन आठवतो. तेव्हा मी त्याला सांगितलं होतं की व्हेंडरने पाठपुरावा करू नये, नियमात बसत नाही.

घरी सांगितलं की मॉडेल कंपनीनेच बंद केलं, आपल्या बाजूने काही कसूर नाही. स्नेहलने मान हलवली आणि चपला घातल्या. मी विचारलं, पाडव्याच्या दिवशी कुठे? म्हणाली, रोशनीकडे.

७ मे, अक्षय तृतीया

आज लॅपटॉप आला.

खरेदीची पद्धत आदर्श नव्हती. शुभांगी मुद्दाम बरोबर आली. दुकानात शिरली, राजूला म्हणाली, ह्यांच्या सीडीवर चालणारा एक द्या. राजूने एकात सीडी घालून दाखवली. लिनक्स लागलं, आवाज आला, वायफायचा निळा दिवा लागला. शुभांगी म्हणाली, हाच. मी फक्त सही केली. पहिल्यांदाच कम्पॅरेटिव्हशिवाय सही केली.

याच्यासोबत विंडोज होतं, बिलासकट. घरी आल्याबरोबर ते पुसून लिनक्स टाकलं. विकत घेतलेलं विंडोज पुसून टाकणारा सिडकोतला मी पहिलाच असेन.

स्नेहल धावत आली. तोंडी परीक्षा दोन जूनला आहे, अजून बराच अवधी. तिने लॅपटॉप उचलला तेवढ्यात मी थांबवलं. आधी पूजा. कंपनीत खंडेनवमीला आम्ही मशीनच्या एकेका स्विचला हळदकुंकू लावतो, तेव्हा कुठे वर्षभर मशीन कुरकुरत नाही. तसंच केलं. शुभांगी नुसतं वरती स्वस्तिक काढत होती, म्हटलं असं नाही चालत. ओलं कुंकू घेऊन स्वतः प्रत्येक बटणाला बोट लावलं. चालू करायचं, आवाजाचं, पुढच्या कडेला एक छोटं सरकणारं आहे त्यालासुद्धा. मग फडक्याने चांगला पुसून काढला. नारळ फोडला.

आज मन भरून आलं. पोरीसाठी आपण केलेल्या कष्टांचं चीज झालं.

९ मे, शुक्रवार

वायफाय लागत नाही.

केबल लावली की नेट चालतं. वायफाय म्हणून काही नावच दाखवत नाही. दुकानात लागलेलं घरी लागत नाही, म्हणजे दोष लॅपटॉपचा नाही आणि लिनक्सचाही नाही. खिडकीच्या ग्रिलचा संशय आहे. मॉडेमवरचा रुमाल काढला. फरक नाही.

स्नेहल म्हणाली, द्या पप्पा, मी बघते. मी म्हटलं, माल अजून तपासणीत आहे. आत्ता तुझ्या ताब्यात दिला म्हणजे तू सदोष माल स्वीकारलास असा अर्थ होतो. ती म्हणाली, मी स्वीकारते ना! शब्दशः हात पुढे करून म्हणाली. वय लहान आहे.

१७ मे, शनिवार

वायफायचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर बदलून पाहिलं. लिनक्स परत टाकलं. मग दुसरं लिनक्स टाकलं. मग पहिलं.

नेटवरच्या मदतीच्या मंडळावर रीतसर इंग्रजीत तक्रार टाकली. विषय, संदर्भ, अपेक्षित कारवाई, सात दिवसांत उत्तर न आल्यास. जर्मनीतल्या कुणीतरी तासाभरात उत्तर दिलं. एकच ओळ. लॅपटॉपच्या कडेला वायफायचं बटण असतं, ते चालू आहे का?

संताप आला. आयुष्य पर्चेसमध्ये गेलेल्या माणसाला हा विचारतो बटण चालू आहे का! बटण मी स्वतः पूजलं आहे. त्याला सविस्तर उत्तर लिहिलं, माझा हुद्दा, अनुभव, आजवर तपासलेल्या मॉडेलची संख्या. त्यानंतर त्याच्याकडून काही आलं नाही. निरुत्तर झाला.

१ जून, रविवार

उद्या स्नेहलची तोंडी परीक्षा. कॉलेजची लॅब परीक्षेच्या बैठकीसाठी बंद, तिथलं मशीन मिळणार नाही.

ती संध्याकाळी माझ्या टेबलाशी उभी राहिली. लॅपटॉपकडे बघत म्हणाली, पप्पा, आज तरी द्या. जसा आहे तसा. मी रात्रीतून करते काहीतरी. आवाज अगदी लहानपणीसारखा. शुभांगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मला देता आला असता. पण तेव्हा लिनक्स परत टाकणं अर्ध्यावर आलेलं होतं, मधे थांबवलं असतं तर सगळंच गेलं असतं. आणि अर्धवट तपासलेला माल मी आजवर गेटबाहेर सोडलेला नाही. म्हटलं, सकाळपर्यंत मीच लावून देतो, तू निवांत झोप. ती गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं असं का कोण जाणे वाटलं.

२ जून, सोमवार, सकाळी

लागलं नाही. स्नेहल न खाता निघाली. खाली पुंजारामभाऊंचा टेम्पो उभा होता. गॅलरीतून बघितलं, रोशनीच्या मांडीवर दोन लॅपटॉप होते. शुभांगीने सांगितलं, पुंजारामभाऊ काल राजूकडे गेले, म्हणाले पोरींना एका दिवसापुरता एक दे, उद्या संध्याकाळी आणून देतो. राजूने दिला. पावती नाही, डिपॉझिट नाही. असा व्यवहार मी कधी केला नसता.

मला कुणी विचारलंच नाही.

२ जून, संध्याकाळी

परीक्षा उत्तम झाली. परीक्षकांनी भाव इकडून तिकडे जाताना तीनदा बघितले म्हणे.

मी पेढे आणले होते. स्नेहलने एक खाल्ला. माझ्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता, मी नवा ड्रायव्हर उतरवत होतो. तिने उभ्याउभ्याच तो जरा वर उचलला, पुढची कड डोळ्यांजवळ नेली आणि त्या सरकत्या बटणावर नख फिरवलं. वाळलेल्या कुंकवाचा खपला पडला. बटण पलीकडे सरकवलं. निळा दिवा लागला. वायफाय लागलं. आमच्या घराचं, शेजाऱ्यांचं, वरच्या मजल्याचं, सगळ्यांची नावं आली.

पूजेनंतर पुसताना ते बंद झालं असणार.

मला वाटलं ती चिडेल. चिडली नाही. टेबल फडक्याने पुसलं, म्हणाली, चालू आहे पप्पा, आणि आत जाऊन झोपली. सूर्यही मावळला नव्हता.

निष्कर्ष: लिनक्स निर्दोष. लॅपटॉप निर्दोष. निवड अचूक होती.

३ जुलै, गुरुवार

स्नेहलला पुण्यात नोकरी. रोशनीलाही तिथेच. दोघी एकत्र खोली घेणार आहेत. ती निघताना म्हटलं, लॅपटॉप घेऊन जा, तुझाच आहे. ती म्हणाली, कंपनी देते पप्पा, हा तुमच्याकडेच राहू द्या. तुम्ही एवढ्या कष्टाने निवडलाय. ती टोमणा मारणाऱ्यांतली नाही, म्हणून मनापासून म्हणाली असं धरून चाललो आहे.

घर फार शांत झालं आहे. टेबलाचा पाय परत डुगडुगतो, खालचा कागद शुभांगीने झाडताना टाकून दिला.

९ ऑगस्ट, शनिवार

स्नेहलचा फोन. तिचं ऑफिस लांब, रिक्षावाले मीटरने येत नाहीत, स्कूटी घेते म्हणाली.

उत्साह वाटला. बऱ्याच दिवसांनी पोरीला माझ्या अनुभवाची गरज पडली आहे. म्हटलं, काहीही ठरवू नकोस, मी बघतो. लगेच लॅपटॉप उघडून कम्पॅरेटिव्ह सुरू केलं. ॲव्हरेज, वजन, सुटे भाग, पुण्यातले चढ. लिनक्सवर सुंदर चालतं, वायफायही. यावेळी दिरंगाई नाही, हे स्वतःला बजावलं आहे. दसरा हा शेवटचा मुहूर्त.

१५ ऑगस्ट २००८, शुक्रवार

झेंडावंदन. जिलेबी यंदा पाकात कमी पडली. घरी आणली, खायला कुणी नाही, शुभांगीला गोड बंद आहे.

दुपारी स्नेहलला फोन केला. सांगितलं, स्टेटमेंट तयार आहे, तीन मॉडेल पुढे आहेत, पुढच्या शनिवारी पुण्याला येतो, चालवून बघू. ती म्हणाली, पप्पा, स्कूटी घेतली मी. परवाच. पुंजारामकाका रोशनीला भेटायला आले होते, त्यांच्याबरोबर जाऊन घेतली. तुम्हाला उगीच त्रास नको म्हणून.

मी म्हटलं, छान केलंस. खरंच छान केलं तिने. तिला रोज अंधारात रिक्षा शोधत उभं राहावं लागणार नाही. मग विचारलं, ॲव्हरेज किती देते? म्हणाली, विचारलं नाही. कंपनीचं सर्व्हिस सेंटर जवळ आहे का? माहीत नाही. वॉरंटी? बघून सांगते. मग तिच्या ऑफिसमधलं कुणीतरी हाक मारत होतं, फोन ठेवला.

खूप वाईट वाटलं. का ते शुभांगीने विचारलं, तर सांगितलं, वॉरंटी बघितली नाही पोरीने.

आता लिहायला बसल्यावर सुचतंय. रंग कोणता घेतलास, असं विचारायला हवं होतं.